वाक्-लेखनाचा इतिहास आणि आवाजाचा ताबा

१. विषयप्रवेश

बोललेला शब्द लिहून घेण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे गेले आहे. मुलाखत, व्याख्यान, वैद्य आणि रुग्ण ह्यांचे संभाषण, बोलींच्या सर्वेक्षणात मिळालेली कथने, ह्या सर्वांचे लिखित रूप अल्पावधीत सिद्ध होऊ शकते. ह्या सोयीबरोबरच एक प्रश्न उभा राहतो. लिखित रूप सिद्ध होत असताना मूळ आवाज कोठे जातो, तो कोण ऐकतो, आणि काम संपल्यावर त्याचे काय होते? हा प्रश्न संगणकाने निर्माण केला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो लेखनिकाच्या पेशाइतकाच जुना आहे. प्रत्येक काळात त्याचे उत्तर तंत्राच्या गुणदोषांपेक्षा लेखनाचे काम कोणत्या जागी आणि कोणाच्या ताब्यात चालत होते, ह्यावर अधिक अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत निबंधात हे ऐतिहासिक क्रमाने दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञेविषयी प्रथम थोडा खुलासा करणे इष्ट होईल. 'लिप्यंतर' हा शब्द एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत उतरवणे ह्या अर्थी रूढ आहे, आणि ध्वनिशास्त्रात 'ध्वनिलेखन' म्हणजे उच्चाराचे सूक्ष्म अंकन. यास्तव बोलण्याचे प्रचलित लिपीत केलेले लेखन, मग ते माणसाने केलेले असो वा यंत्राने, ह्या अर्थी येथे 'वाक्-लेखन' ही संज्ञा योजिली आहे.

२. लेखनिक आणि विश्वास

वाक्-लेखनाचा ज्ञात इतिहास रोमपर्यंत मागे नेता येतो. सिसेरोचा गुलाम, पुढे मुक्त झालेला लेखनिक टिरो ह्याच्या नावाने ओळखली जाणारी लघुलेखनाची चिन्हे मध्ययुगातही युरोपात वापरात होती. मराठी राज्यकारभारातील चिटणीस हाही मुख्यतः धन्याचे बोलणे कागदावर उतरवणारा अधिकारी होय. फडणीस, वाकनीस, चिटणीस ह्या शब्दांतील 'नीस' हा अंश फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा ह्यापासून आलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी ह्यांनी न लिहिलेले पत्र कोऱ्या कागदावरून अस्खलित वाचून दाखवल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती ऐतिहासिक घटना म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु लेखनिकाने धन्याचे मन ओळखावे ही त्या पदाविषयीची अपेक्षा तीत चांगली व्यक्त झाली आहे. इंग्रजी 'सेक्रेटरी' ह्या शब्दाच्या मुळाशीही गुपित ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. तात्पर्य, लिहून घेणारा तो गुपित राखणारा, हा संबंध दोन्ही परंपरांना परिचित होता.

१८३७ साली आयझॅक पिटमन ह्यांनी उच्चारावर आधारलेली लघुलेखनपद्धती प्रसिद्ध केली, आणि ह्या कामाला आधुनिक व्यवसायाचे रूप येऊ लागले. लघुलिपीचा एक आनुषंगिक उपयोग गुप्ततेसाठीही होत आला होता. सॅम्युएल पेपिस ह्याने १६६० ते १६६९ ह्या काळातील आपली रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली, आणि तिचे पूर्ण वाचन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाले.

ह्या संपूर्ण कालखंडाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. आवाज उच्चारताक्षणीच नाहीसा होत असे. मागे उरत ते दोनच: लेखनिकाची स्मृती आणि कागद. कागद कुलपात ठेवता येई, आणि स्मृतीला पेशाच्या नीतीचे कुलूप असे. विश्वासघात होतच नसे असे नाही. परंतु विश्वासघात करणारी व्यक्ती ओळखीची असे आणि तिला जाब विचारता येत असे.

३. आवाज टिकू लागला

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. त्यानंतर १८७८ साली लिहिलेल्या एका लेखात त्याने ह्या यंत्राच्या भावी उपयोगांची जी यादी दिली, तीत पहिला उपयोग संगीताचा नाही. लघुलेखकाच्या साहाय्यावाचून पत्रे आणि इतर मजकूर सांगणे, हा पहिला उपयोग होय. ध्वनिमुद्रणाचा जन्म अशा प्रकारे वाक्-लेखनाच्या कल्पनेशी जोडलेला आहे.

पुढे कचेऱ्यांत मेणाच्या नळकांड्यांवर पत्रे सांगण्याची पद्धत आली. १९०७ साली 'डिक्टाफोन' हे व्यापारी नाव नोंदले गेले. साहेब यंत्रात बोले, आणि टंकलेखक कानाला नळ्या लावून तो मजकूर नंतर उतरवी. ह्यातील एक तपशील विचारार्ह आहे. काम झाल्यावर मेणाचा वरचा थर तासून नळकांडे पुन्हा वापरण्याजोगे करीत. हेतू केवळ काटकसरीचा होता, परंतु त्यामुळे आवाज आपोआप नष्ट होई. उलट, जेथे ध्वनिमुद्रण जतन करणे हाच हेतू होता तेथे परिस्थिती निराळी होती, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना तिची विशेष दखल घ्यावी लागते.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने १९१५ साली प्रशियन ध्वनिमुद्रण आयोग नेमला. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ हे त्याचे अध्यक्ष होते, आणि ध्वनिमुद्रणाची व्यवस्था विल्हेल्म डोगेन ह्यांच्याकडे होती. संस्कृतज्ञ हाइनरिश ल्यूडर्स हेही ह्या कार्यात सहभागी होते. १९१८ पर्यंत आयोगाने युद्धकैद्यांच्या छावण्यांत १,६५० च्या आसपास तबकड्या मुद्रित केल्या. बर्लिनजवळील व्ह्युन्सडोर्फ येथील 'अर्धचंद्र छावणी'त ठेवलेल्या भारतीय शिपायांचे आवाजही त्यांत आहेत. मजकूर आधी लिहून घेतला जाई, नंतर कैदी तो कर्ण्यासमोर म्हणे, आणि त्याचे नाव, जन्मस्थान, भाषा इत्यादी माहिती एका नमुन्यात भरली जाई. शास्त्रीय दृष्टीने ही नोंदपद्धती आदर्श होय. ह्या तबकड्या आज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आहेत आणि त्यांचे मोल वादातीत आहे. तथापि ज्याला छावणीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्याला कर्ण्यासमोर उभे राहण्यास नकार देण्याची कितपत मुभा असेल? आणि आपला आवाज शंभर वर्षांनंतर, परक्या देशात, नावागावासह ऐकला जाईल ह्याची कल्पना त्याला कोणी दिली असेल का?

भारतात ग्रियर्सन ह्यांच्या भाषा-सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ ह्या काळात अनेक भाषा आणि बोली ह्यांच्या ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. तेथे वक्ता कैदी नव्हता. शिवाय बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट हा ठरावीक मजकूर अनेक बोलींत म्हणवून घेतल्यामुळे वक्त्याच्या खासगी आयुष्याला त्यात फारसा वाव नव्हता. मजकुराची निवड हेही खासगीपणाच्या रक्षणाचे एक साधन ठरू शकते, हे ह्या उदाहरणावरून दिसते. अर्थात सर्वेक्षणाचा उद्देश तुलनेच्या सोयीचा होता. रक्षण हा त्याचा अनपेक्षित लाभ होय.

४. गुप्ततेच्या प्रयोगशाळा

यंत्राने आवाजाचे विश्लेषण करण्याचे शास्त्र ज्या प्रयोगशाळांत वाढले, त्यांतील अनेकांचा संबंध युद्ध आणि हेरगिरी ह्यांच्याशी होता. बेल प्रयोगशाळेत होमर डडली ह्यांनी तयार केलेला 'व्होकोडर' आवाजाचे घटक पृथक् करून ते दूर पाठवी आणि तेथे त्यांची पुन्हा जुळणी करी. १९४३ पासून लंडन आणि वॉशिंग्टन ह्यांच्यामधील गुप्त संभाषणासाठी वापरलेली सुमारे ५० टन वजनाची यंत्रणा ह्याच तत्त्वावर उभारलेली होती. त्याच प्रयोगशाळेत युद्धकाळात विकसित झालेला ध्वनिवर्णपटलेखक युद्धानंतर प्रकट झाला. १९४७ साली त्यावरील 'व्हिजिबल स्पीच' हा ग्रंथ आला, आणि बधिरांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे ही आशा त्यातून व्यक्त झाली. ध्वनिशास्त्राच्या प्रत्येक विभागात आज ज्याचे संगणकीय रूप नित्य वापरात आहे, ते साधन हेच होय.

सोव्हिएत रशियातील उदाहरण अधिक उद्बोधक आहे. मॉस्कोजवळील मार्फिनो येथे शिक्षा भोगणाऱ्या शास्त्रज्ञांची एक प्रयोगशाळा होती. सुरक्षित दूरध्वनी तयार करणे हे तिचे मुख्य काम. भाषाविद लेव कोपेलेव ह्यांना तेथे ध्वनिमुद्रित दूरध्वनीवरून बोलणाऱ्याचा शोध घेण्याचे काम देण्यात आले. त्यांचे सहबंदी सोल्झेनित्सिन ह्यांनी हाच प्रसंग पुढे 'द फर्स्ट सर्कल' ह्या कादंबरीत गुंफला. संभाषण लपवणे आणि संभाषण करणाऱ्याला उघडे पाडणे, ही दोन्ही कामे एकाच छताखाली, एकाच विद्येच्या बळावर चालली होती. १९६२ साली लॉरेन्स कर्स्टा ह्यांनी बोटांच्या ठशांप्रमाणे 'आवाजाचा ठसा' असतो असे प्रतिपादन केले. तो दावा जसाच्या तसा पुढे टिकला नाही, तरी आवाजात मजकुरापलीकडे व्यक्तीची ओळख असते ही जाणीव तेव्हापासून दृढ झाली.

५. संगणकाचे बाल्य आणि अपघाताने मिळालेला खासगीपणा

१९५२ साली बेल प्रयोगशाळेतील 'ऑड्री' हे यंत्र इंग्रजीतील दहा अंक ओळखू लागले. एका ठरावीक व्यक्तीच्या उच्चाराशी जुळवून घेतल्यावर त्याची अचूकता ९७ टक्क्यांच्या पुढे जाई. १९६२ च्या सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएमने १६ शब्द ओळखणारे 'शूबॉक्स' दाखवले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतीलच जॉन पिअर्स ह्यांनी ह्या संशोधनाच्या भवितव्याविषयी जाहीर शंका घेतली. तरीही १९७१ ते १९७६ ह्या काळात अमेरिकी संरक्षण खात्याच्या साहाय्याने मोठा प्रकल्प चालला, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी ह्यांच्या गटाने 'हार्पी' ही १,०११ शब्दांची प्रणाली सिद्ध केली.

खासगीपणाच्या दृष्टीने निर्णायक वळण मात्र आयबीएममधील फ्रेडरिक जेलिनेक ह्यांच्या गटाने घेतलेले होय. ध्वनिशास्त्राचे नियम यंत्राला शिकवण्याऐवजी विपुल आवाज आणि विपुल मजकूर ह्यांतून संभाव्यतेचे गणित बसवावे, हा तो मार्ग. तो यशस्वी ठरला. परंतु त्यामुळे असंख्य माणसांचे बोलणे हा यंत्राचा कच्चा माल झाला. आवाज हा पूर्वी केवळ लिहून घेण्याचा विषय होता. आता तो यंत्राच्या घडणीचे द्रव्यही बनला. पुढील काळातील बहुतेक तंट्यांचे मूळ येथे आहे.

हे परिणाम लगेच दिसले नाहीत. १९९० साली 'ड्रॅगनडिक्टेट' बाजारात आले. त्यापुढे शब्दाशब्दांत थांबून बोलावे लागे. १९९७ साली त्याच कंपनीने अखंड बोलणे लिहून घेणारे सॉफ्टवेअर आणले. वापरणाऱ्याने आरंभी काही उतारे वाचून यंत्राला आपल्या आवाजाची सवय करून द्यायची, आणि त्या सवयीची नोंद त्याच्याच संगणकाच्या तबकडीवर राहायची, अशी रचना होती. कंपनीला तो आवाज कधी ऐकू येत नसे. हा खासगीपणा कोणी विचारपूर्वक बहाल केलेला नव्हता. घरगुती संगणक दूरच्या यंत्राशी आजच्यासारखे सतत जोडलेले नव्हते, एवढेच त्याचे कारण. जे अपघाताने मिळाले ते परिस्थिती बदलताच गेले.

६. आवाज दूर जातो

२००७ साली गूगलने अमेरिकेत दूरध्वनीवरून दुकाने आणि व्यवसाय ह्यांची माहिती देणारी विनामूल्य सेवा सुरू केली. बोलणे ओळखणारी यंत्रणा घडवण्यासाठी लोकांचे उच्चार हवे आहेत, हा ह्या सेवेमागील हेतू कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच वर्षी उघडपणे सांगितला होता. २०१० मध्ये ती सेवा बंद झाली. दुकानाचा पत्ता विचारणाऱ्याने आपल्या आवाजाच्या रूपाने त्याचे मोल चुकते केले होते.

२०११ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलच्या दूरध्वनीत 'सिरी' आली. तिच्याशी बोललेले वाक्य कंपनीच्या सर्व्हरवर जाई आणि तेथून उत्तर परत येई. २०१२ साली आयबीएमने आपल्या कर्मचाऱ्यांना कचेरीच्या जाळ्यात 'सिरी' वापरण्यास मनाई केल्याचे प्रसिद्ध झाले. बोलणे ओळखण्याच्या शास्त्रात चाळीस वर्षे घालवलेल्या संस्थेने घेतलेली ही दक्षता सूचक आहे. आवाजाच्या नोंदी दोन वर्षांपर्यंत ठेवल्या जातात, असा खुलासा २०१३ साली अ‍ॅपलकडून झाला. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनचे 'एको' हे उपकरण दिवाणखान्यात येऊन बसले.

ह्या दूरच्या यंत्रांमागे माणसे बसलेली आहेत, हे २०१९ मध्ये जगापुढे आले. एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनविषयी, जुलैच्या पूर्वार्धात बेल्जियममधील सार्वजनिक नभोवाणीच्या वृत्तामुळे गूगलविषयी, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अ‍ॅपलविषयी बातम्या आल्या. यंत्राचे लेखन बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी कंत्राटी कामगार निवडक ध्वनिमुद्रणे ऐकून उतरवीत होते. बेल्जियमच्या पत्रकारांनी एक हजाराहून अधिक तुकडे ऐकले. त्यांतील १५३ तुकडे असे होते की, ज्यांत यंत्राला हाक मारलेलीच नव्हती आणि तरीही ते मुद्रित झाले होते. ह्या गौप्यस्फोटानंतर काही कंपन्यांनी ही तपासणी काही काळ स्थगित केली, आणि अ‍ॅपलने पुढे ती वापरणाऱ्याच्या पूर्वसंमतीवर सोपवली.

ह्या प्रसंगाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट आढळते. कानाला नळ्या लावून बसणारा टंकलेखक नाहीसा झालेला नव्हता. तो अदृश्य झाला होता. जुना लेखनिक बोलणाऱ्याच्या ओळखीचा असे. ह्या नव्या लेखनिकाला बोलणारा ओळखत नव्हता, त्याचे अस्तित्वही त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याला जाब विचारण्याचा मार्गही नव्हता.

७. स्वतःच्या यंत्राकडे

ह्याच सुमारास उलट दिशेचा प्रवाहही सुरू झाला. २०१९ मध्ये गूगलने, आणि २०२१ मध्ये अ‍ॅपलने, काही भाषांपुरते वाक्-लेखन दूरध्वनीच्या आतच करण्याची सोय केली. २०२२ च्या सप्टेंबरात ओपनएआयने 'व्हिस्पर' ही प्रणाली सर्वांना उतरवून घेता येईल अशा रूपात प्रसिद्ध केली. ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर ती शिकवलेली होती, आणि तिच्या भाषांत मराठीचाही समावेश होता, मात्र मराठीचा वाटा अत्यल्प होता. अल्पावधीतच ती साध्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवण्याची साधने उपलब्ध झाली. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'एआयफॉरभारत' ह्या गटाने भारतीय भाषांसाठी, मराठीसह, अशाच मुक्त प्रणाली दिल्या.

आवाज यंत्राबाहेर जाऊ न देता वाक्-लेखन करणे आता कोणत्याही विभागाच्या आवाक्यात आले आहे. तथापि ह्यावरून प्रश्न निकालात निघाला असे समजणे घाईचे होईल. २८ मार्च २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने 'एको'च्या काही उपकरणांवरील, आवाज कंपनीकडे न पाठवण्याचा पर्याय काढून घेतला. एकदा मिळालेली सोय कायम राहतेच असे नाही. दुसरे असे की, 'व्हिस्पर'सारखी यंत्रणा ज्या सहा लाखांवर तासांच्या बोलण्यावर उभी आहे ते इंटरनेटवरून गोळा केलेले आहे, आणि त्या वक्त्यांपैकी कोणी ह्या कामासाठी बोलत नव्हते. ह्याच्या उलट, मोझिला संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'कॉमन व्हॉइस' ह्या उपक्रमात लोकांनी आपला आवाज जाणीवपूर्वक दिला, आणि तो वापरणाऱ्याने वक्त्याची ओळख शोधू नये अशी अट ठेवण्यात आली. मराठीचा त्यातही समावेश आहे.

८. भारतीय न्यायालये आणि कायदा

भारतातील ह्या विषयाच्या न्यायिक इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे. महानगरपालिकेच्या कारकुनाला देऊ केलेल्या लाचेच्या प्रकरणात, युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली लपवून केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. मात्र फितीत फेरफार करणे सोपे असल्याने अशा पुराव्याची तपासणी सावधपणे व्हावी, हेही बजावले. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या मलकानी खटल्यात १९७२ साली, संभाषणातील एका पक्षाच्या संमतीने दूरध्वनीचे मुद्रण झाले असता ते ग्राह्य ठरते असा निर्णय झाला. त्याच वेळी निरपराध नागरिकाच्या संभाषणाला अन्याय्य हस्तक्षेपापासून न्यायालये संरक्षण देतील, हेही न्यायालयाने नमूद केले. १९८५ च्या राम सिंग खटल्यात मुद्रित आवाजाची ओळख, अचूकता, अखंडता आणि मोहोरबंद ताबा ह्यांविषयीच्या कसोट्या निश्चित झाल्या.

दुसरी परंपरा खासगीपणाच्या हक्काची. १९९६ च्या अखेरीस दूरध्वनी चोरून ऐकण्यावर न्यायालयाने कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मात्र २०१९ मध्ये आरोपीला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात असे ठरले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आवाजाच्या नमुन्याचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीला मध्यवर्ती स्थान दिले, आणि विहित मानके पाळल्यास संशोधन व अभिलेखन ह्यांना काही सूट दिली. ह्या सवलतीने संशोधकावरील कायद्याचा भार हलका होतो. वक्त्याला दिलेल्या शब्दाचा भार मात्र तिने हलका होत नाही.

९. मराठी बोली आणि संशोधकाचे कर्तव्य

मराठीच्या अभ्यासकापुढे हा प्रश्न एका खास स्वरूपात येतो. अ. मा. घाटगे ह्यांच्या १९६० नंतरच्या बोली-सर्वेक्षण-मालिकेपासून आजपर्यंत मराठी बोलींची मोठी सामग्री गोळा झाली आहे. अशा सामग्रीतून वक्त्याचे नाव वगळले म्हणजे त्याची ओळख पुसली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत टिकणारे नाही. 'पाणी' ऐवजी 'पानी', 'मी' ऐवजी 'म्या', 'होतं' ऐवजी 'व्हतं' असे उच्चार, त्यांतील सूर आणि हेल, ह्यांवरून जाणता श्रोता वक्त्याचा प्रदेश, आणि पुष्कळदा त्याचा समाजही, सांगू शकतो. त्यात गावच्या यात्रेचा, विहिरीचा किंवा भाऊबंदकीच्या तंट्याचा उल्लेख आला की माणूस शोधणे कठीण राहत नाही. बोलीच्या अभ्यासाला जे मोलाचे, तेच वक्त्याला उघडे पाडणारे, अशी ही अडचण आहे.

दुसरी अडचण यंत्राच्या लेखनाची. प्रमाण लेखनाशी जोडलेल्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेले यंत्र 'व्हतं' ऐकून 'होतं' लिहिण्याकडे झुकते. शिवाय ते न बोललेले वाक्यही लिहू शकते. 'व्हिस्पर'च्या एका चाचणीत सुमारे १ टक्का ध्वनिखंडांत वक्त्याने मुळीच न उच्चारलेले शब्दसमूह आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचाघाताच्या रुग्णांच्या बोलण्यात, जेथे दीर्घ विराम असतात तेथे, हे प्रमाण अधिक होते. म्हणजे लेखन पडताळून पाहण्यासाठी मूळ आवाज जवळ असलाच पाहिजे. २०२४ सालीच एका वैद्यकीय टिपण-सेवेत सुरक्षिततेसाठी मूळ ध्वनी पुसून टाकला जातो असे वृत्त आले. रुग्णाचा आवाज त्यामुळे सुरक्षित झाला. पण टिपणात काही चुकले असल्यास ते सिद्ध करण्याचे साधनही नष्ट झाले. मेण तासणाऱ्या कचेरीपुढे हा पेच नव्हता, कारण पत्र खाली सही करण्यापूर्वी साहेब ते वाचून पाही.

सत्यता आणि खासगीपणा ह्या दोन मागण्या अशा परस्परविरोधी दिसतात. त्यांचा मेळ घालण्याचा मार्ग वरील इतिहासातूनच सुचतो. आवाज जतन करावा, पण तो विभागाच्या ताब्यात, मर्यादित व्यक्तींच्या हाती असावा. आणि वाक्-लेखन त्याच जागी, विभागाच्या यंत्रात व्हावे. सॉफ्टवेअर 'आवाज बाहेर जात नाही' असे सांगत असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. यंत्राचा इंटरनेटशी संबंध तोडावा आणि लेखन चालते की नाही हे पाहावे. ते थांबले तर आवाज बाहेर जात असण्याची शक्यता आहे. ते चालू राहिले तरी जोडणी परत येताच ध्वनिमुद्रणाची प्रत आपोआप दुसरीकडे साठवली जात नाही ना, हे तपासावे लागते. उपकरणातील 'बॅकअप'ची सोय हा ह्या बाबतीत बहुधा दुर्लक्षित राहणारा दरवाजा होय.

खासगीपणा म्हणजे सदैव निनावीपणा, असाही अर्थ घेता कामा नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावासह, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या आवाजासह, प्रसिद्ध होत आहेत. येथे नाव वगळणे हा अन्याय ठरला असता, कारण ओवी ही त्या बाईची निर्मिती आहे. त्याच बाईने ओवी संपल्यावर सासरच्या जाचाविषयी चार वाक्ये सांगितली तर त्यांना मात्र निराळा न्याय लावावा लागेल. एकाच ध्वनिमुद्रणातील कोणता भाग नावासह ठेवायचा आणि कोणता उघड करायचा नाही, ह्याचा निर्णय यंत्र करू शकत नाही, आणि संशोधकानेही तो एकट्याने करू नये. तो ज्याचा आवाज आहे त्याला विचारूनच व्हावा.

१०. समारोप

लेखनिकाच्या काळात आवाज विरत होता आणि लेखनिक ओळखीचा होता. मेणाच्या नळकांड्यावर आवाज टिकला, तरी तो कचेरीतच राहिला. दूरच्या सर्व्हरच्या काळात आवाज टिकला, घराबाहेर गेला, आणि ऐकणारा अनोळखी झाला. आता त्याला परत घरी आणणे शक्य झाले आहे. परंतु ते कोणत्याही कंपनीच्या कृपेने टिकणार नाही, प्रत्येक ठिकाणी निर्णय घेऊन टिकवावे लागेल.

व्ह्युन्सडोर्फच्या छावणीतील नमुन्यात वक्त्याविषयी बरीच माहिती होती. त्याच्या आवाजाचे पुढे काय होणार, हे त्याला सांगितल्याची नोंद करण्यासाठी मात्र त्यात रकाना नव्हता. विद्यापीठीय विभागांत वापरात असलेल्या संमतिपत्रांकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. आवाज कोणत्या यंत्रात लिहिला जाईल, तो कोठे व किती काळ राहील, कोण ऐकेल, आणि वक्त्याने मागाहून नको म्हटल्यास काय केले जाईल, ही चार वाक्ये वक्त्याच्या बोलीत त्याला समजावून सांगितल्यावाचून ध्वनिमुद्रण सुरू करू नये. ह्यासाठी लागणारा वेळ क्षेत्रकार्याच्या वेळातूनच काढावा लागेल, आणि तो क्षेत्रकार्याचाच भाग मानला पाहिजे.